शब्दचर्चा : रॅपर की एमसी? शिवाय ब्रेक, बाइट, क्रॉसओव्हर

मधली आळी :
नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी न्यूयॉर्कच्या सुरुवातीच्या रॅपवर लेख लिहितेय. काळ १९७९ ते १९८६, म्हणजे रॅपच्या तबकड्या खपायला लागल्या तिथपासून त्या घराघरांत पोचल्या तिथपर्यंत. मजकूर बराचसा हाताशी आहे, शब्दांपाशी गाडं अडलंय. 'एमसी' आणि 'रॅपर' एकच का? 'रॅप' आणि 'हिप-हॉप' आलटूनपालटून लिहिले तर कुणी हरकत घेईल? 'ब्रेक'ला काय म्हणू? दुसऱ्याच्या ओळी आपल्या म्हणून म्हणण्याला ती मंडळी 'बाइट' म्हणतात, त्याचं काय करू? आणि 'क्रॉसओव्हर'? तळटिपा चालणार नाहीत असं संपादकांनी आधीच बजावलंय.

गुळपोळी :
रॅपला 'बोलगाणं' म्हणा की. छान मराठी शब्द आहे.

ठेकेदार :
छान आहे, पण तो एका कवीच्या नावावर कधीच लागलाय. 'बोलगाणं' वाचून कुणाला न्यूयॉर्कचा ब्रॉन्क्स भाग, जिथे हे सुरू झालं, आठवणार नाही. आणि कुणी सुचवायच्या आत सांगतो, 'पोवाडा'ही नको. पोवाड्याला नायक लागतो, शाहीर त्याच्याबद्दल गातो. इथे म्हणणारा बहुतेक वेळा स्वतःच नायक. रॅपला रॅपच म्हणा. 'रॅपर' मात्र जपून, कारण गोळीच्या कागदालाही आपण तेच म्हणतो आणि लिहितोही तसंच. मथळ्यात एकटा टाकलात तर घोळ होईल.

जुनी तबकडी :
ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नात लेखाचा अर्धा इतिहास आहे, म्हणून जरा लांबण लावतो. माझा सल्ला असा की १९७९च्या आधीच्या वाक्यात 'रॅपर' लिहूच नका.

ब्रॉन्क्समध्ये हे सगळं सुरू झालं तेव्हा मान डीजेचा होता. ११ ऑगस्ट १९७३ला १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीत क्लाइव्ह कॅम्पबेलच्या बहिणीने पार्टी ठेवली, तिथे हा रेकॉर्डी लावत होता. लोक त्याला कूल हर्क म्हणत. मूळचा जमैकातल्या किंग्स्टनचा. त्याच्याबरोबर माइकवर असायचा कोक ला रॉक. तो जमलेल्या मित्रांची नावं घ्यायचा, मध्येच एखादी यमकाची ओळ टाकायचा, नाचणाऱ्यांना चेव आणायचा. हे काम करणारा तो एमसी, 'मास्टर ऑफ सेरेमनीज'चं लघुरूप. लोक यायचे ते डीजेसाठी. एमसी त्याच्या मदतीला.

जमैकन संगीतावरचं काही वाचून लिहीत असाल तर एका ठिकाणी पाय घसरेल. जमैकात रेकॉर्ड लावणारा तो 'सिलेक्टर' आणि माइकवर बोलणारा तो 'डीजे'. न्यूयॉर्कात रेकॉर्ड लावणारा डीजे आणि बोलणारा एमसी. तिथला 'डीजे' जसाच्या तसा उचललात तर माणूसच बदलेल.

आता १९७९. न्यू जर्सीतल्या एंगलवुडमध्ये सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईंची रेकॉर्ड कंपनी होती, स्वतःही त्या गायिका. ब्रॉन्क्सच्या पार्ट्यांत ज्यांना कुणी ओळखत नव्हतं अशी तीन पोरं त्यांनी जमवली : वंडर माइक, मास्टर जी आणि पिझ्झाच्या दुकानात काम करणारा बिग बँक हँक. गटाचं नाव शुगरहिल गँग. सप्टेंबरात 'रॅपर्स डिलाइट' आलं. बारा इंची तबकडी, साडेचौदा मिनिटं. अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत ते ३६व्या क्रमांकापर्यंत गेलं, सोल, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या, यादीत ४थ्या, ब्रिटनमध्ये ३ऱ्या.

या गाण्याचा कणा म्हणजे शीक या गटाच्या 'गुड टाइम्स'चा ठेका, आणि तो स्टुडिओत वादकांनी पुन्हा वाजवला. पार्टीत मधोमध उभा असलेला माणूस, म्हणजे डीजे, या गाण्याला लागलाच नाही. त्याचा मदतनीस पुढे आला, आणि पुढे आल्यावर त्याला नावही नवं मिळालं. त्याच वर्षाच्या आणखी दोन तबकड्या बघा : कर्टिस ब्लोची 'ख्रिसमस रॅपिन', फ्यूरियस फाइव्ह या गटाची 'सुपररॅपिन'. तिन्ही नावांत रॅप. हा दुकानात मालावर चिकटवलेला शब्द आहे. उलट १९८३ला रन-डीएमसी या रॅप गटाने धंद्यातल्या कच्च्या भिडूंची टर उडवली त्या गाण्याचं नाव 'सकर एमसीज'. आपसात बोलताना एमसीच.

सातवी मात्रा :
'मालावर चिकटवलेला' हे मला पटलं नाही. शब्द कंपनीचा नाही, लोकांच्या तोंडचा आहे. इंग्रजीत रॅप म्हणजे आधी ठोका, टकटक. मग ठपका, पोलिसांत लागलेला आरोप असे अर्थ आले. १९६०च्या दशकात कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीत रॅप म्हणजे फर्डं, ऐटीतलं बोलणं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या चळवळीतल्या एच. रॅप ब्राउन यांना ते टोपणनाव त्यांच्या जिभेमुळे पडलं. गायक आयझॅक हेजच्या १९७०-७१च्या अल्बमांवर 'आइक्स रॅप' नावाचे तुकडे आहेत, त्यांत तो गाण्याआधी आळवून आळवून बोलतो. आणि यमकं जुळवत बोलणारे रेडिओ निवेदक त्याच्याही आधीचे. 'रॅपर्स डिलाइट'च्या जरासं आधी फॅटबॅक बँडची एक तबकडी आली, 'किंग टिम द थर्ड'. तिचं उपशीर्षक 'पर्सनॅलिटी जॉक', हा सरळसरळ रेडिओवाल्यांचा शब्द. तेव्हा वंशावळ एकट्या ब्रॉन्क्सच्या पार्टीची नाही.

जुनी तबकडी :
क्रियापद जुनं आहे, त्याबद्दल वाद नाही. मी पेशाच्या नावाबद्दल बोलतोय. सुतार लाकूड तासतो म्हणून त्याला कुणी 'तासकर' म्हणत नाही. माणूस रॅप करत होता, पण विचारलं तर मी एमसी आहे असं सांगत होता.

मधली आळी :
दोघांचंही घेते. 'एमसी रॅप करायचे' असं १९७९पर्यंत, तिथून पुढे 'रॅपर'. जमतंय. हिप-हॉपचं काय?

सातवी मात्रा :
तो मोठा शब्द, रॅप त्याच्या पोटात. डीजेचं वाजवणं, एमसीचं बोलणं, ब्रेक डान्स आणि भिंतीवरची ग्राफिटी, हे सगळं मिळून हिप-हॉप. शब्द कुठून आला याची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट फ्यूरियस फाइव्हच्या काउबॉयची. त्याचा मित्र सैन्यात भरती झाला, त्याची चेष्टा करताना काउबॉयने कवायतीची चाल माइकवर हिप-हॉप-हिप-हॉप अशी म्हटली. लव्हबग स्टारस्की या डीजेनेही तो आपला शब्द असल्याचं सांगितलंय. 'रॅपर्स डिलाइट' याच अक्षरांनी सुरू होतं, त्यामुळे पार्टीबाहेरच्यांनी ती पहिल्यांदा तिथे ऐकली. आधी नुसते बोल होते, आपल्याकडे 'झिम्मा' म्हणताना पोरी अर्थ कुठे लावतात. त्याचं एका संस्कृतीचं नाव झालं ते नंतर.
तुमचा लेख तबकड्यांच्या खपाबद्दल आहे ना? मग 'रॅप'वरच राहा. 'हिप-हॉप' म्हटलंत की ग्राफिटी आली, आणि ग्राफिटीची तबकडी निघत नाही.

ठेकेदार :
ब्रेक माझ्याकडे. गाणाऱ्याने तोंड मिटलं, बाकीची वाद्यं थांबली, ड्रम आणि फार तर बेस उरला, तो तुकडा म्हणजे ब्रेक. हर्कच्या ध्यानात आलं की नाचणारे याच काही सेकंदांची वाट बघत थांबतात. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच सुरू, तोवर पहिलीची सुई मागे. त्या तुकड्यावर नाचणारे ते ब्रेक बॉय, म्हणजेच बी-बॉय. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेने रेकॉर्डवर रंगीत खडूने खुणा करून हे काम नेमकं केलं, सुई शोधत बसायला नको.
एका ओळखीच्या तबलजींनी 'लग्गी' सुचवली होती. मला नाही रुचत. लग्गी वादक मैफलीत त्या क्षणी रचतो. ब्रेक कुणीतरी आधीच वाजवून ठेवलेला असतो, डीजे तो शोधतो आणि लांबवतो. मी 'ठेक्याचा तुकडा' लिहीन, आणि पहिल्याच वेळी वाक्यात 'ज्याला ब्रेक म्हणत' एवढं घालून पुढे ब्रेक.

गुळपोळी :
पण कर्टिस ब्लोचं १९८०चं 'द ब्रेक्स' आहे ना, त्यात तर ब्रेक म्हणजे नशिबाचे फटके.

ठेकेदार :
दोन्ही आहे, खुबी तीच. माणसाच्या कपाळी आलेले भोग एकामागून एक मोजत जातो आणि मध्येच खरोखरचा ब्रेक वाजतो. मराठीत आपण 'ब्रेक मिळाला' म्हणतो ते फक्त चांगल्या अर्थी, सिनेमात काम मिळालं वगैरे. त्यामुळे इथला श्लेष मराठीत उतरत नाही, नादी लागू नका. नाव तसंच ठेवा. रॅपच्या एका गाण्याला गोल्ड, म्हणजे मोठ्या खपाचा दाखला, मिळालं ते पहिल्यांदा याच गाण्याला, आणि ब्लो हा मोठ्या रेकॉर्ड कंपनीने करारबद्ध केलेला पहिला रॅपर. लेखाला ते जास्त कामाचं.

गुळपोळी :
बाइटसाठी 'ढापणे'! 'वाङ्मयचौर्य' लिहिलंत तर मी अंक विकत घेणार नाही.

जुनी तबकडी :
अगदी. ढापणेमध्ये तुच्छता आहे, आणि बाइटमध्ये ती हवीच, कारण त्या वर्तुळात यापेक्षा मोठी शिवी नव्हती. तुमच्या लेखात उदाहरणही आयतंच आहे. बिग बँक हँकने 'रॅपर्स डिलाइट'मध्ये जे म्हटलं ते मोठ्या प्रमाणावर ग्रँडमास्टर कॅझ या एमसीचं होतं. हँक त्याचा व्यवस्थापक म्हणून वावरायचा. कॅझ आधी कॅसानोव्हा फ्लाय या नावाने म्हणायचा, आणि हँकने ढापताना तेवढंही बदललं नाही. गाण्यात तो स्वतःची ओळख म्हणून कॅसानोव्हाचं स्पेलिंग सांगतो. चोरलेल्या वहीवर मालकाचं नाव तसंच! कॅझला ना श्रेय मिळालं ना पैसा. उलट शीकचे नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कायद्याची भाषा केल्यावर गीतकार-संगीतकार म्हणून नावं लागली ती त्यांची. चाल ढापली तर न्याय होता, ओळी ढापल्या तर नव्हता. लेखात मी यावर एक परिच्छेद खर्च करीन.

सातवी मात्रा :
त्याच परिच्छेदात 'सॅम्पल' शब्द येऊ देऊ नका. सॅम्पल म्हणजे आधीच्या ध्वनिमुद्रणातलाच तुकडा कापून वापरणं. मराठी लेखांत हटकून 'गुड टाइम्स सॅम्पल केलं' असं येतं. तो ठेका माणसांनी बसून वाजवलाय. 'ठेका उचलला' म्हणा.

मधली आळी :
हे बरं सांगितलंत, माझ्या मसुद्यात तसंच होतं. राहिलं क्रॉसओव्हर. 'सीमोल्लंघन' कसं वाटतं? अंक दिवाळीचा आहे, दसरा नुकताच झालेला असेल…

ठेकेदार :
आपट्याची पानंही वाटा. नको हो. सीमोल्लंघनाला स्वतःहून निघायचं असतं. इथे सीमा दुसऱ्याने आखलेली आहे.

जुनी तबकडी :
आणि आखणारा कोण ते यादीच्या नावांतच वाचता येतं. 'बिलबोर्ड' साप्ताहिकात कृष्णवर्णीयांच्या संगीताची यादी वेगळी असायची. १९४०च्या दशकात तिचं नाव 'रेस रेकॉर्ड्स', १९४९पासून 'रिदम अँड ब्लूज', १९६९पासून 'सोल', जून १९८२पासून थेट 'ब्लॅक'. 'रॅपर्स डिलाइट' सोल यादीत ४थं होतं. फ्यूरियस फाइव्हचं १९८२चं 'द मेसेज' ब्लॅक यादीत ४थं, आणि मुख्य यादीत ६२व्याच्या वर नाही. क्रॉसओव्हर म्हणजे या यादीतून त्या यादीत जाणं, दुसरं काही नाही. म्हणून 'मुख्य यादीत शिरकाव' लिहा. शिरकावात दाराशी कुणीतरी अडवतंय हे आपोआप येतं.
१९८६ला रन-डीएमसीने एरोस्मिथ या रॉक गटाबरोबर त्यांचंच जुनं 'वॉक धिस वे' केलं, ते मुख्य यादीत ४थ्या क्रमांकावर गेलं. एरोस्मिथचं मूळ गाणं १९७७ला १०व्यापर्यंतच पोचलं होतं. व्हिडिओत दोन गट शेजारशेजारच्या खोल्यांत आहेत आणि मधली भिंत फुटते. 'रेझिंग हेल' हा त्यांचा त्याच वर्षीचा अल्बम, रॅपमधला पहिला प्लॅटिनम, म्हणजे दहा लाख प्रती.

सातवी मात्रा :
'डीजे तबकडीवर आलाच नाही' या तुमच्या सिद्धांताला एक टाचणी लावून जातो. १९८१ला ग्रँडमास्टर फ्लॅशची सात मिनिटांची तबकडी आली, तीन टर्नटेबलांवर नुसतं त्याचं वाजवणं. त्यात 'गुड टाइम्स'ही आहे.

जुनी तबकडी :
आहे, आणि ती ऐकाच. पण पुढच्याच वर्षी 'द मेसेज'वर काय झालं? वेष्टनावर नाव 'ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्यूरियस फाइव्ह', आणि त्या ध्वनिमुद्रणात फ्लॅशचा हात नाही. लिहिलं ड्यूक बूटी आणि मेली मेल यांनी, म्हटलंही मुख्यतः त्यांनीच. ताई, तुमच्या मसुद्यात 'फ्लॅशने म्हटलेलं द मेसेज' असं कुठे असेल तर आधी ते शोधा. फ्लॅश डीजे आहे, म्हणणारा नाही.

मधली आळी :
दोन ठिकाणी आहे. काढते. 'मेली मेल' की 'मेल्ले मेल'?

सातवी मात्रा :
मेली मेल. 'मेली'वरून मुद्रितशोधक अडेल, त्याला आधीच सांगून ठेवा.