एक खिडकी ठीक, पण गावाचं काय?
शूटिंगच्या सरकारी परवानग्या एकाच ठिकाणी अर्ज करून मिळवायच्या 'एक खिडकी' सोयीबद्दल कुणीतरी म्हटलंय, 'एक खिडकीतून परवानगी आली की शूटिंग सुरू.' अर्धंच खरं. गोरेगावची चित्रनगरी (फिल्मसिटी) चालवणाऱ्या सरकारी महामंडळाची ही सोय सरकारी जागांसाठी उत्तम, हेलपाटे वाचतात. पण वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा खाजगी, तिथे मालकांशीच बोलावं लागतं. केंद्र संरक्षित किल्ला असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी.

मेणवलीच्या घाटावर आम्ही सिंक साउंडमध्ये, म्हणजे शूटिंग करतानाच आवाजही रेकॉर्ड करत, शॉट लावला आणि नेमकी कुणीतरी देवळाजवळची ती जुनी पोर्तुगीज घंटा वाजवली. तीन टेक गेले! शेवटी गावातल्याच एका पोराला घंटेपाशी बसवलं, वडापाव देऊन. आदल्या दिवशी ग्रामपंचायतीत चहाला गेलो असतो तर हे आधीच कळलं असतं.