पिकअपचा पुढचा कॅलिपर जाम, स्वतः बदलायचा आहे. सल्ला हवा

मातीचारस्ता
माझ्या पिकअपचं पुढचं डावं चाक फेरी मारून आलं की हात लावता येत नाही इतकं तापतं. उजवं कोमट असतं. ब्रेक न दाबताही गाडी किंचित डावीकडे ओढते. चाक काढून पाहिलं, तर डावा आतला पॅड पत्र्यापर्यंत आलाय आणि बाहेरचा निम्मा शिल्लक आहे. डिस्क मोजली, कडेला कोरलेल्या किमान जाडीपेक्षा जास्त आहे. एकाच पिस्टनचा, पिनांवर सरकणारा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) आहे. एबीएस नाही, मागे ड्रम.

पॅडचा नवा सेट आणून ठेवलाय. त्याव्यतिरिक्त पैसे फार तर एका नव्या कॅलिपरपुरते आहेत, त्यापुढे नाही. जॅक, दोन स्टँड आणि टॉर्क पाना घरात आहे. एकच कॅलिपर बदलला तर चालेल का? काम स्वतःच करायचं आहे, त्यामुळे गॅरेजचा सल्ला कृपया नको.

डिझेलवाला
जोडीनेच बदला. मी पुढचे दोन्ही कॅलिपर, दोन्ही डिस्क आणि दोन्ही होज (ब्रेक ऑइलच्या रबरी नळ्या) एकदम नवे घातले, सगळं कंपनीचं. भरलेली गाडी उतारावर बोट ठेवल्यासारखी थांबते. ब्रेकमध्ये काटकसर करू नये.

जुनापाना
एका एक्सलवर पॅड जोडीनेच बदलायचे, यात वाद नाही. कॅलिपरचं तसं नाही. उजवा नीट सरकत असेल, गळत नसेल आणि रबर फाटलं नसेल, तर त्याला हात लावायची गरज नाही.

पण कॅलिपर विकत घेण्याआधी एक तपासणी करा. ब्रेक दाबून सोडा आणि चाक अडकलेलं असतानाच ब्लीडर निप्पल (कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू) जरा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब मागे अडकून राहतोय. बहुतेक वेळा होज आतून सुजलेला असतो: पेडलच्या जोराने ऑइल पुढे जातं, परत येत नाही. निप्पल सोडूनही चाक तसंच राहिलं, तर पिस्टन नाहीतर पिना जाम आहेत.

रानवाट४४
जुनापाना यांना अनुमोदन. माझ्या गाडीला एका मेकॅनिकने कॅलिपर नवा घातला आणि चाक पुन्हा तापायला लागलं. दोष होजचा होता. कॅलिपरचे पैसे गेले ते गेलेच, त्या माणसाने ते मान्यही केलं नाही. अजून राग येतो.

टॉपगिअर
माझं ऐका, मोठ्या गाडीचे दोन पिस्टनवाले कॅलिपर आणि मोठी डिस्क बसवा. मी बसवलेत. फरक पहिल्याच ब्रेकला कळतो.

जुनापाना
त्यांचं बजेट एका कॅलिपरचं आहे. शिवाय पिस्टनचं क्षेत्रफळ वाढलं की मास्टर सिलेंडरला (पेडलने चालणाऱ्या ऑइलच्या पंपाला) जास्त ऑइल ढकलावं लागतं, पेडल खोल जातं. पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाणही बिघडतं. बऱ्याच पिकअपना मागे भारानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो, तो मूळ मापाच्या ब्रेकसाठी लावलेला असतो.

टॉपगिअर
माझं पेडल अजिबात खोल जात नाही.

निळीकिल्ली
ऑइलचं कुणीच बोललं नाही. लाइन उघडणारच आहात, तर सगळं ऑइल बदला. डॉट ५ प्रतीचं ब्रेक ऑइल घ्या, उकळबिंदू खूप जास्त.

जुनापाना
डॉट ५ अजिबात नको! ते सिलिकॉनचं असतं, तुमच्या लाइनमधल्या ऑइलशी मिसळत नाही. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ग्लायकॉलची आहेत. कोरडं असताना किमान उकळबिंदू डॉट ३ चा २०५ अंश, डॉट ४ चा २३०, डॉट ५.१ चा २६०. पाणी शोषलं की डॉट ४ देखील १५५ पर्यंत उतरू शकतं. टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच, सीलबंद डब्यातलं घाला.

निळीकिल्ली
मी ५.१ म्हणणार होतो.

सोनचाफा_०७
मी माझ्या पिकअपचे कॅलिपर स्वतः बदलते, काम अवघड नाही. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा, मागच्या चाकांना अडण लावा आणि नुसत्या जॅकवर कधीही काम करू नका. कॅलिपर होजवर लटकवू नका, तारेने स्प्रिंगला किंवा आर्मला बांधा. बँजो बोल्टचे (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे दोन्ही वॉशर नवेच घ्या. पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम होते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: बसवल्यावर ब्लीडर निप्पल कॅलिपरच्या वरच्या बाजूला आलं पाहिजे. खाली आलं असेल तर डावा-उजवा अदलाबदल झालाय. कितीही हवा काढा, वर अडकलेली निघणार नाही.

डिझेलवाला
जोडीनेच बदला, पुन्हा सांगतो.

मातीचारस्ता
तपासणी केली. निप्पल सोडूनही चाक मोकळं झालं नाही. पिना हाताने सरकतात. पिस्टन मात्र क्लॅम्प लावूनही आत जाईना. डस्ट कव्हर फाटलंय आणि पिस्टनवर गंजाचे खड्डे दिसतायत.

दुकानात विचारलं तेव्हा कळलं, दोन सील किट आणि दोन नवे पिस्टन मिळून एका नव्या कॅलिपरपेक्षा कमी पडतात. मी तेच घेतोय. दोन्ही बाजू खोलून नव्या करतो.

डिझेलवाला
चूक करताय. खोललेल्या कॅलिपरवर विश्वास कसा ठेवणार?

रानवाट४४
माझंही मत नवा घ्या असंच. सील नीट बसलं नाही तर भर रस्त्यात पेडल तळाला जाईल.

सोनचाफा_०७
मीही नवाच घेतला असता.

मातीचारस्ता
सील बॉडीच्या खाचेत बसतं आणि पिस्टनच्या अंगावर घट्ट धरतं. म्हणजे ऑइल अडतं ते पिस्टनच्या पृष्ठभागावर, आणि तोच मी नवा घालतोय. खाचेत गंजाचा खड्डा निघाला तर बेत रद्द, मग नवा कॅलिपर.

जुनापाना
मीही नवाच सुचवला असता, पण तुमचं कारण बरोबर आहे. तेच चौकोनी सील ब्रेक दाबल्यावर पिळतं आणि सोडल्यावर पिस्टनला किंचित मागे ओढतं, म्हणून ते आणि त्याची खाच स्वच्छ हवी. खाच लाकडी काडीने साफ करा, पोलादी टोकाने ओरखडे पडतात. नव्या सीलला आणि पिस्टनला ताजं ब्रेक ऑइलच लावा.

पिस्टन काढायला कॉम्प्रेसरची हवा वापरू नका, गोळीसारखा सुटतो आणि बोटं जातात. होज जोडलेला असतानाच पॅड काढा, समोर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि कुणाला तरी पेडल हळू दाबायला सांगा. एका वेळी एकच बाजू. दुसरी डिस्कवर बसलेली असू द्या, नाहीतर आधी मोकळा पिस्टन बाहेर येईल. टाकी रिकामी होऊ देऊ नका.

मातीचारस्ता
झालं. डाव्या खाचेत फक्त काळा मळ होता, धातू शाबूत. उजव्याचा पिस्टनही पुसट गंजला होता, त्यामुळे दोन्ही खोलले ते बरंच झालं. हवा काढल्यावर पेडल कडक आहे. इंजिन बंद आणि चालू, दोन्ही वेळा पाय दाबून धरून सगळे जोड पाहिले, कुठे ओल नाही. रिकाम्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत वेग उतरवत, मध्ये डिस्क थंड होऊ देत नवे पॅड डिस्कशी घासून जुळवून घेतले. आता दोन्ही चाकं सारखीच तापतात.

डिझेलवाला
तरी नवा कॅलिपर घ्यायला हवा होता.

टॉपगिअर
पुढच्या वेळी मोठे कॅलिपर बघा, माहिती देतो.

सोनचाफा_०७
छान झालं. १०० किलोमीटरच्या आत चाकाचे नट पुन्हा टॉर्कवर तपासा, आणि ऑइलची पातळी काही दिवस रोज बघा.