जलपर्णी परत का येते?

पुण्यातल्या रामनदीतली जलपर्णी (पाण्यावर तरंगणारं तण) काढली आणि महिन्यात पाषाणजवळ पात्र पुन्हा हिरवंगार, अशी तक्रार आहे. येणारच. उन्हाळ्यात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते आणि ओढताना तुटलेला धावत्या खोडाचा (रोपांना जोडणाऱ्या आडव्या खोडाचा) एक तुकडाही नवं रोप धरतो.

म्हणून आधी प्रवाहाच्या खालच्या अंगाला तरंगता दोर बांधा: झाकण घट्ट लावलेले रिकामे कॅन पाच-सहा फुटांवर, खाली फूटभर जाळी. दोर आडवा नको, तिरका हवा. मग तुकडे आपोआप एका काठाला जमतात. काढणी प्रवाहाच्या वरच्या अंगाकडून खालच्या अंगाकडे करायची, लांब दांड्याच्या दाताळ्याने, आणि जांभळी फुलं यायच्या आत. बी गाळात पंधरा-वीस वर्षं टिकतं.

ढीग काठावरच टाकणं ही नेहमीची चूक. पहिल्या पुरात सगळं परत पात्रात. पूररेषेबाहेर पसरून वाळवा; नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, वाळल्यावर ढीग खूपच कमी होतो. त्याचं खत भाजीला नको, मुळं जड धातू शोषतात.

पायाला जखम असेल तर पाण्यात उतरूच नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) होऊ शकतो.

आणि सांडपाण्याचे नाले चालू असेपर्यंत जलपर्णीला नत्र-स्फुरदाची (नायट्रोजन-फॉस्फरसची) मेजवानी चालूच. नाल्याच्या प्रत्येक तोंडाचा फोटो, ठिकाणासकट, पालिकेकडे द्या.