दुसरा विषय परत येताना तारांचा विचार

सोनाटा या पाश्चात्त्य संगीतातल्या रचनाप्रकारावरच्या या चर्चेत एक मत असे आले आहे, की मांडणी, विस्तार आणि पुनरागमन हे तीन भाग पाठ करून त्यांत सुरावटी भरल्या की सोनाटा तयार होतो; ते मला अपुरे वाटते. या आकाराचा खरा ताण पट्ट्यांमध्ये, म्हणजे सुरावट कोणत्या मूळ स्वरावर उभी आहे यात, असतो, असे इथे ज्यांनी लिहिले आहे त्यांच्याशी मी सहमत आहे. मात्र व्हायोलिनसाठी लिहिताना त्यातूनच एक अडचण उभी राहते, जिचा उल्लेख अजून झालेला नाही. रचना डी मेजरमध्ये असेल, तर मांडणीत दुसरा विषय, म्हणजे दुसरी मुख्य सुरावट, सहसा ए मेजरमध्ये येतो आणि पुनरागमनात तो डी मेजरमध्ये आणावा लागतो, म्हणजे एकतर पंचमाच्या अंतराने खाली किंवा मध्यमाच्या अंतराने वर. व्हायोलिनच्या जी, डी, ए, ई या तारा पंचमाच्याच अंतराने लावलेल्या असल्यामुळे खाली आणलेला विषय बहुतेक त्याच बोटांनी शेजारच्या जाड तारेवर वाजतो. पण मूळ विषय मोकळ्या डी तारेच्या स्वराखाली गेला असेल, तर ही सोय संपते, कारण मोकळ्या जी तारेखाली या वाद्यात स्वरच नाही.

माझ्या पहिल्या प्रयत्नात विषय जी तारेवरच्या बी स्वरापर्यंत उतरत होता. तो वर न्यावा लागला आणि ई तारेवर उंच गेल्यावर त्याचा सगळा मऊपणा हरवला. तेव्हापासून मी दुसरा विषय आधी पुनरागमनाच्या पट्टीत लिहून वाजवून पाहतो आणि मगच तो मांडणीत घालतो. ई तारेवर लखलखणारी ओळ ए तारेवर किती गडद आणि जवळची वाटते, हेही तेव्हाच कानाला कळते.