मदत हवी आहे: मानवी तस्करीवर गावपातळीचं प्रशिक्षण
नमस्कार मंडळी. मेळघाटातल्या धारणी तालुक्यात पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि अंगणवाडी सेविकांसाठी मानवी तस्करीवर एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवतोय. कलमं सांगणारे मिळतात हो. भारतीय न्याय संहितेचं १४३, १९५६ चा पिटा म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, सगळं तोंडपाठ. अडतं त्याच्या पुढं. लग्नाच्या नावाखाली परराज्यात विकलेली पोरगी परत आली की पहिला प्रश्न, "तू गेलीसच कशाला?" तिच्याशी बोलायचं कसं, गावात तिचं नाव फुटू द्यायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं, भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कसा लिहायचा, हे सरावातून शिकवणारं अमरावती-नागपूरकडे कुणी आहे का? इथली कोरकू भाषा येत असेल तर सोन्याहून पिवळं. पीपीटीवाले नकोत, दुपारी लाईनचा भरवसा नसतो.