मेंटर टेबलाच्या पलीकडचा बघा

छोट्या उद्योजकाने मेंटर (अनुभवी मार्गदर्शक) कसा निवडावा या इथल्या चर्चेत "मेंटर आपल्याच लाइनमधला हवा" असं दोघातिघांनी लिहिलंय, ते मला पूर्ण पटत नाही. आपल्याच लाइनमधला आणि आपल्याच गावातला म्हणजे बहुतेकदा स्पर्धक. चहा पाजेल, पण रेट सांगणार नाही. भोसरीत माझं छोटं पावडर कोटिंगचं (धातूच्या वस्तूंवर पावडरचा रंग चढवण्याचं) युनिट आहे. मला उपयोग झाला तो एका निवृत्त परचेस मॅनेजरचा, म्हणजे आयुष्यभर आमच्यासारख्यांची बिलं अडवून ठेवलेल्या माणसाचा! पहिल्या भेटीत त्यांनी ऑर्डरी विचारल्याच नाहीत, येणं किती थकलंय तेवढं विचारलं. चार महिन्यांचं होतं. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, हे त्यांच्याकडून कळलं. माझी उद्यम नोंदणीच (असा उद्योग म्हणून सरकारकडे करायची नोंद) नव्हती, तीही त्यांनी करायला लावली. आता तो क्रमांक प्रत्येक बिलावर ठळक छापतो. सगळे वेळेवर देतात असं नाही, पण फोन तरी उचलतात.

ओळखीत असं कोणी नसेल तर भारतीय युवा शक्ती ट्रस्टकडे चौकशी करा, त्याचा उल्लेख इथे कुणी केला नाही. १९९२ पासून ते तरुण उद्योजकांना कर्ज मिळवायला मदत करतात आणि सोबत मेंटरही जोडून देतात. पुण्यातही त्यांचं काम आहे. जाताना मात्र उधारीची वही बरोबर न्या, प्रोजेक्ट रिपोर्ट नंतर दाखवला तरी चालेल.