एकच रिमोट किल्ली उरलीय, दुसरी कशी करून घ्यावी?

नमस्कार मंडळी,

गाडीच्या किल्लीबद्दल विचारायचंय. आमची गाडी सेकंड हँड, घेतली तेव्हा एकच किल्ली मिळाली, आधीचे मालक म्हणाले दुसरी घरात कुठेतरी आहे, सापडली की देतो, मग ते राहिलंच, त्यांनी दिली नाही आणि आम्ही पण मागे लागलो नाही. दोन वर्षं एकाच किल्लीवर काढली. परवा रात्री पार्किंगमध्ये पिशव्या डिकीत ठेवल्या, वळले तर किल्ली हातात नाही. खिशात नाही, पर्समध्ये नाही, लेक मागच्या सीटवर झोपलेली, दारं उघडी होती म्हणून बरं पण गाडी चालू कशी करणार? पंधरा मिनिटं फोनचा टॉर्च मारून गाडीखाली, सीटखाली शोधत होते, शेवटी एका पिशवीच्या तळाशी सापडली. घरी आले तरी हात कापत होते.

तर आता दुसरी किल्ली करायचीच. डीलरला फोन केला तर म्हणे ऑर्डर करावी लागेल, गाडी घेऊन या, गाडीचे कागद आणि ओळखपत्र आणा. ऑनलाइन बघितलं तर अगदी हुबेहूब तसाच रिमोट मिळतोय. माझी बहीण पुढच्या महिन्यात येतेय, ती राहते तिथे पण हीच गाडी मिळते, तर तिलाच आणायला सांगू का? आमची किल्ली म्हणजे बटण दाबलं की पातं बाहेर येतं तशी, स्टीअरिंगजवळ घालून फिरवायची. अजून एक, हल्ली लॉक उघडायला दोन-तीनदा बटण दाबावं लागतं, त्याचा काही संबंध आहे का? आणि हे सगळं एवढं अवघड का झालंय, पूर्वी किल्लीवाला दहा मिनिटांत घासून द्यायचा.

---

पुन: एकच रिमोट किल्ली उरलीय

ताई, बरं झालं किल्ली हातात असतानाच विचारलंत. मी गाड्यांच्या इलेक्ट्रिकलच्या कामात बरीच वर्षं आहे आणि लोक येतात ते शेवटची किल्ली हरवल्यावरच, तेव्हा फार हळहळ वाटते, कारण तेच काम महिन्याभरापूर्वी अर्ध्या तासात झालं असतं.

आधी एक समजून घ्या, किल्ली एक दिसत असली तरी तिच्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं ते पातं, म्हणजे दात घासलेला धातू, त्यानं दाराचं आणि स्टीअरिंगचं कुलूप फिरतं. दुसरा रिमोट, म्हणजे बटणं आणि आतली सर्किटची पट्टी, हा सेलवर चालतो आणि दारं उघड-बंद करतो. आणि तिसरी चिप, ट्रान्सपाँडर म्हणतात तिला, गाडी चालू होते ती हिच्यामुळे. हिला सेल लागतच नाही. स्टीअरिंगच्या कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं असतं, किल्ली फिरवली की त्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झची लहर निघते, तेवढ्याच ऊर्जेवर चिप क्षणभर जागी होते आणि गाडीनं विचारलेल्या सवालाचं उत्तर देते. उत्तर बरोबर आलं तर इंजिन चालू, नाहीतर स्टार्टर तरी फिरत नाही किंवा फिरून, दोन सेकंद इंजिन चालून बंद पडतं. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र असलेला दिवा लुकलुकायला लागतो तो ह्याचाच. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना हे इमोबिलायझर सक्तीचं झालं, बाकी जगातही हळूहळू बहुतेक गाड्यांत आलं. म्हणजे पूर्वीचा किल्लीवाला जे घासून द्यायचा ते ह्यातलं फक्त पातं. ते आजही दहा मिनिटांतच होतं, उरलेल्या दोन गोष्टींची गाडीशी ओळख करून द्यावी लागते, वेळ लागतो तो त्याला.

आता तुमच्याकडे एक चालू किल्ली आहे हे फार मोलाचं आहे. ती असली की लॉकस्मिथ, म्हणजे कुलूप-किल्लीचा कारागीर, स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या संगणकाला यंत्र जोडायच्या खाचेला, आपलं यंत्र जोडतो, गाडीला सांगतो की ही अजून एक घे, झालं. काही गाड्यांत तर दोन चालू किल्ल्या असल्या की तिसरी घरच्या घरी जोडता येते, पुस्तिकेत रीत दिलेली असते, पण त्यासाठी दोन लागतात, एकीवर नाही होत. आणि एकही नसली तर? मग गाडी टो करून न्या, नाहीतर माणूस तिथे बोलवा, कुलपावरून किंवा किल्लीच्या नंबरवरून पातं घडवा, इमोबिलायझरकडून कोड काढा, काही गाड्यांत सुरक्षेसाठी यंत्र जोडून नुसतं थांबून राहावं लागतं, जुन्या काही मॉडेलांत तर कंट्रोल युनिटच काढून टेबलावर उघडावं लागतं. एकीच्या दोन करणं आणि शून्यातून एक करणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

डीलरनं कागद मागितले त्याचा राग मानू नका, न मागता कोणी किल्ली करून द्यायला तयार झाला तर उलट मी तिथून परत येईन. चांगला लॉकस्मिथ पण कागद बघतोच. फोन करताना त्याला गाडीचं मॉडेल, वर्ष आणि चासी नंबर द्या आणि स्पष्ट विचारा, पातं, रिमोट, चिप तिन्ही होणार का, आणि माझ्यासमोर करणार का. काही कंपन्यांच्या किल्ल्या कारखान्यातूनच त्या गाडीच्या नावानं कोड होऊन येतात, तिथे डीलरशिवाय फारसा इलाज नाही, पण तुमच्यासारख्या फिरवायच्या किल्लीचं काम बहुतेक वेळा बाहेर होतं.

आणि ते दोन-तीनदा दाबण्याचं, आधी सेल बदला. बहुतेक रिमोटमध्ये सीआर २०३२ असतो, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. तसाच दिसणारा २०२५ पण मिळतो, तो २.५ जाड, तोही ३ व्होल्टचाच, पण २०३२ च्या जागी बसवला तर सैल बसतो आणि कधी लागतो कधी लागत नाही. तेव्हा आत आहे त्याचा नंबर वाचून तोच आणा.

---

पुन: पुन: एकच रिमोट किल्ली उरलीय

ताई, बहिणीला आणायला सांगण्याआधी थांबा, आम्ही फसलोय त्यात. आमच्या घरी असाच पाहुण्यांबरोबर मागवलेला रिमोट पडून आहे, दिसायला डिट्टो, चिप पण जोडली गेली, गाडी चालू होते, पण दार काही केल्या उघडत नाही. मग कळलं की फ्रीक्वेन्सी वेगळी. उत्तर अमेरिका आणि जपानच्या पुष्कळ गाड्यांचे रिमोट ३१५ मेगाहर्ट्झवर चालतात आणि युरोप वगैरे बऱ्याच देशांत ४३३.९२ वर. तोच ब्रँड, तेच मॉडेल, तरी एकाचा रिमोट दुसऱ्याला चालत नाही, यंत्रावर प्रोग्रॅम करूनही नाही कारण आतला क्रिस्टलच वेगळा असतो. तुमच्या किल्लीच्या मागच्या बाजूला किंवा आतल्या पट्टीवर पार्ट नंबर असेल, तो अक्षरन् अक्षर जुळला तरच घ्या.

सेकंड हँड रिमोट पण नको. बऱ्याच चिप एकदा एका गाडीशी बांधल्या की कायमच्या बांधल्या जातात, दुसरी गाडी त्यांना घेत नाही. विकणारा म्हणतो चालू आहे, तो खोटं बोलत नसतो, बटणं चालू असतातच.

---

पुन: पुन: एकच रिमोट किल्ली उरलीय

सगळ्यांना नमस्कार. मला ह्यातलं तांत्रिक फार कळत नाही पण माझा अनुभव लिहितो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. माझ्या किल्लीची रबरी बटणं फाटली होती म्हणून नुसतं नवं कव्हर मागवलं, रिकामं प्लास्टिक, आतलं जुनंच घालायचं. रविवारी टेबलावर पांढरा कागद पसरून बसलो, जुनं उघडलं, सर्किटची पट्टी काढली, पातं काढलं, नव्यात बसवलं, स्क्रू लावला, जुनं कव्हर कचऱ्यात. खाली गेलो, दारं एकदम मस्त उघडली. किल्ली फिरवली, इंजिन दोन सेकंद चाललं आणि बंद. परत तेच. आधी वाटलं गाडीतच बिघाड झाला.

कचऱ्याचा डबा उपसून ते जुनं कव्हर बाहेर काढलं. नखानं कोपरा उचकटला तर आतल्या खाचेत एक काळी वडी, खोडरबराच्या तुटक्या तुकड्याएवढी, त्यावर ना तार ना काही, प्लास्टिकचाच भाग वाटावा अशी. तीच चिप. ती नव्या कव्हरच्या खाचेत बसवली आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू. त्या दिवशी सकाळी कचरा नेणारी गाडी आली असती तर माझ्याकडे पण एकही किल्ली उरली नसती. तेव्हा कव्हर बदलणार असाल तर जुनं कव्हर दोन-चार दिवस टाकू नका. काही किल्ल्यांत ही चिप पट्टीवरच असते, काहींत काचेची बारीक नळी असते, आपल्यात कुठे आहे ते आधी बघून घ्या.

---

पुन: पुन: एकच रिमोट किल्ली उरलीय

ह्याच धाग्यात विचारते, आमची बटणवाली गाडी आहे, किल्ली पर्समध्ये ठेवायची आणि बटण दाबून चालू करायची. परवा स्क्रीनवर आलं की किल्लीचा सेल संपत आलाय. पूर्ण संपला तर आम्ही बाहेरच अडकणार का?

---

पुन: पुन: एकच रिमोट किल्ली उरलीय

नाही अडकणार, पण रीत आधी माहीत हवी. तुमच्या रिमोटच्या कडेला एक बारीक खटका असेल, तो सरकवून ओढलं की आतून छोटं पातं निघतं. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलवर कुलपाचं भोक दिसत असेल तर ठीक, नसेल तर हँडलजवळच्या टोपीखाली दडवलेलं असतं. पात्यानं दार उघडल्यावर अलार्म वाजेल, घाबरू नका, गाडीनं किल्ली ओळखली की तो थांबतो. मग रिमोट थेट स्टार्ट बटणाला टेकवून दाबा, काही गाड्यांत त्यासाठी कप होल्डरच्या तळाशी किंवा स्टीअरिंगच्या बाजूला ठरलेली जागा असते. वर लिहिलं तेच तत्त्व, चिपला सेल लागत नाही, तिला जवळ नेलं की झालं. आजच एकदा घराखाली करून बघा, रात्री पावसात पुस्तिका वाचत बसायला नको.

आणि ह्या बटणवाल्या किल्ल्या घराच्या दाराशेजारी टांगू नका. चोर दोघं येतात, एक यंत्र घराच्या दाराशी धरतो, दुसरा गाडीशी, आणि किल्लीचा सिग्नल मधल्या मध्ये पोचवतात, गाडीला वाटतं किल्ली जवळच आहे. धातूच्या अस्तराची पिशवी किंवा झाकणाचा पत्र्याचा डबा, त्यात ठेवून गाडीजवळ जाऊन दार उघडून बघा, उघडलं तर डबा कामाचा नाही.

---

पुन: पुन: एकच रिमोट किल्ली उरलीय

मंडळी, काम झालं! दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे तिन्ही गोष्टी फोनवर स्पष्ट विचारल्या, पहिले दोघं लॉकस्मिथ गोलमोल बोलले, तिसऱ्यानं लगेच चासी नंबर मागितला आणि कागद दाखवाल ना म्हणून स्वतःहून विचारलं, त्यालाच बोलावलं. त्यानं आधी माझ्या पात्याचे दात मशीनवर मोजले, म्हणाला जुनं पातं झिजलेलं असतं, त्याची जशीच्या तशी नक्कल केली तर झीज पण नक्कल होते, म्हणून मूळ मापानंच नवं कापतो. मग गाडीत बसून यंत्र जोडलं, गाडीच्या बॅटरीला वेगळा चार्जर लावला की मधेच व्होल्टेज पडायला नको. डॅशबोर्डवर किल्लीचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता, त्यानं जुनी किल्ली फिरवली, काढली, नवी घातली, फिरवली, दिवा दोन सेकंद स्थिर राहिला आणि विझला. मला म्हणाला आता तुम्ही चालू करा. माझ्या हातानं नव्या किल्लीवर गाडी चालू झाली तेव्हा खरंच डोळ्यांत पाणी आलं.

त्यानं अजून एक दाखवलं, यंत्रावर गाडीच्या यादीत दोन किल्ल्या आधीपासून होत्या. म्हणजे ती आधीच्या मालकांकडची दुसरी किल्ली इतके दिवस चालू होती, कोणाच्या हाती लागली असती तर गाडी घेऊन गेला असता! ती यादीतून काढून टाकली. सेल पण बदलला, आत २०२५ च निघाला, आता एकदा दाबलं की उघडतंय.

गंमत पुढे आहे. मी आधीच्या मालकांना सहज कळवलं की आता शोधू नका, तर काल त्यांचा फोन, ती जुनी किल्ली हिवाळ्याच्या कोटाच्या खिशात सापडली. आणून पण दिली. तिनं दार उघडतंय पण गाडी चालू होत नाही. आता ही टाकून द्यायची का?

---

पुन: पुन: एकच रिमोट किल्ली उरलीय

ताई, मुळीच टाकू नका. दार उघडतंय कारण पात्याचे दात तेच आहेत, चालू होत नाही कारण चिपचं नाव यादीतून कमी झालंय. ती मुळात तुमच्याच गाडीची चिप आहे, त्यामुळे बहुतेक गाड्यांत तिला परत यादीत घेता येतं, त्याच लॉकस्मिथकडे जा. जाताना मात्र तिन्ही किल्ल्या बरोबर न्या, कारण नवी जोडताना काही गाड्या आधीची सगळी यादी पुसून समोर असतील तेवढ्याच घेतात, घरी राहिलेली बाद होते.

आणि त्या जुन्या किल्लीच्या जुडग्यात एखादा धातूचा छोटा बिल्ला, त्यावर आकडे-अक्षरं कोरलेली, असा आहे का बघा. नव्या गाडीबरोबर मिळतो तो, किल्लीचा नंबर असतो त्यावर, सगळ्या किल्ल्या हरवल्या तरी त्यावरून पातं कापता येतं. असेल तर किल्लीला लटकवून ठेवू नका, काढून गाडीच्या कागदांत ठेवा, पण कागद गाडीत नको, घरात.

---

पुन: पुन: एकच रिमोट किल्ली उरलीय

आहे दादा, बिल्ला आहे! मी त्याला कीचेनचाच भाग समजत होते. काढून फाईलमध्ये ठेवला. शनिवारी तिन्ही किल्ल्या घेऊन जाते, तिसरी झाली की शेजारच्या काकूंकडे ठेवणार आहे, त्यांना विचारलंय, हो म्हणाल्या.